मावशी, वही आणि विश्वास

‘बाई चांगली मिळायला नशीब लागतं हो!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं आहे, बऱ्याचजणींनी म्हटलंही असेल. पूर्वी ते धुण्याभांड्याच्या बाईबद्दल असायचं. आता ते सासूबाईंची कूस बदलणाऱ्या, मामंजींना आंघोळ घालणाऱ्या, आईला चमच्याने पेज भरवणाऱ्या बाईबद्दल असतं. भांडी थोडी तेलकट राहिली तर पुन्हा विसळता येतात. पण बोलता न येणाऱ्या, स्वतःहून कुशीवर न वळता येणाऱ्या माणसापाशी आपण कुणाला तरी दिवसभर बसवून जातो, तेव्हा सगळं नशिबावर सोडून चालेल का?

आपल्या सातारा-सांगली भागात ही गरज झपाट्याने वाढते आहे. साताऱ्याच्या डोंगरी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली मंडळी देशाच्या कानाकोपऱ्यात. शिकलेली मुलं पुण्यात, बंगळुरात नाहीतर परदेशात. मागे राहतात ते आई-वडील. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरातली साडेआठ माणसं साठीच्या पुढची होती, महाराष्ट्रात हेच प्रमाण शंभरात जवळपास दहा होतं. त्यानंतर ते वाढलंच आहे. घरात सून असली तर ती शाळेत शिक्षिका असते, पतसंस्थेत कामाला असते, नाहीतर तिचं स्वतःचं ब्युटी पार्लर किंवा शिवणकाम असतं. घरातलं माणूस पडलं की पहिला प्रश्न येतो तो हाच, की आता हिने काम सोडायचं का? हा प्रश्न घरातल्या पुरुषाला कुणी विचारत नाही.

आमच्या महिला मंडळात मी अशा कितीतरी जणी पाहते. कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या मुलीची बारावी आजीच्या उशाशी बसून झाली, कुणाला कंबरदुखीचा पट्टा लागला तो कायमचाच. सगळं प्रेमाने केलेलं असतं, यात शंका नाही. पण प्रेमालाही चार तास झोप लागते!

म्हणून मग मेडिकलच्या दुकानाशेजारी एक छोटी पाटी दिसते : ‘घरपोच आया, मावशी, ब्रदर, सिस्टर मिळतील.’ खाली मोबाइल नंबर. फोन केला की दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी राहते. तिचं नाव खरं आहे का? तिला काम येतं का? ती आजारी पडली तर काय? चार दिवसांनी न सांगता गेली तर काय? ब्युरोला दिलेले पैसे परत मिळतील का? यातलं काही आपल्याला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा पाटी लावणाऱ्यालाही नसतं. मग कुणाकडे बाई दोन दिवसांत पळाली, कुणाकडे आजोबांच्या पाठीला जखम झाली, कुणाकडे अंगठी गेली, असे किस्से गावभर फिरतात. आणि आपण म्हणून मोकळ्या होतो, ‘विश्वास? तो तर पानिपतातच गेला!’

मैत्रिणींनो, मला आज एवढंच मांडायचं आहे, की हा विश्वास नशिबाने मिळत नाही, तो रोजच्या कामाच्या पद्धतीतून उभा राहतो. आणि ती पद्धत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गावातल्या दूध डेअरीचं घ्या. डेअरीवाला आपल्या भावकीतला आहे म्हणून आपण तिथे दूध घालतो का? तो आपल्यासमोर माप घेतो, फॅट काढतो, पावती हातात देतो, दहा दिवसांनी त्याच पावत्यांवर हिशेब होतो. चूक झाली तर पावती दाखवून भांडता येतं. बचत गटाचंही तसंच. दहा बाया एकमेकींवर पैशाचा विश्वास टाकतात, कारण ठरलेल्या दिवशी बैठक होते, नोंद वहीत होते, आणि वही सगळ्यांसमोर वाचली जाते. मग घरातलं सगळ्यात नाजूक माणूस ज्याच्या हाती द्यायचं, त्या कामाला पावती नको, वही नको, बैठक नको, असं कसं?

आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगते. रमाबाई रानडे या मूळच्या देवराष्ट्र्याच्या. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात आहे. १९०९ मध्ये रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या बायकांना, त्यातही विधवांना, परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून ससून रुग्णालयात सोय करण्यात आली. त्या काळात घरंदाज बाईने परक्या रोग्याला, तेही पुरुषाला, हात लावायचा ही कल्पनाच लोकांना सहन होणारी नव्हती. घरच्यांनी मुली पाठवायच्या कशा? केवळ ‘विश्वास ठेवा’ म्हणून ते झालं नसतं. शिकणाऱ्या मुलींसाठी राहण्याची व्यवस्था झाली, त्यांच्यावर देखरेख ठेवणारी जाणती बाई आली, नियम आले, परीक्षा आल्या, प्रमाणपत्र आलं. मुलीला पाठवणाऱ्या घराला आणि तिच्याकडून सेवा घेणाऱ्या रोग्याला, दोघांनाही धीर देणारी ती चौकट होती. इकडे मिरजेत डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलने १८९४ पासून रुग्णसेवेची जी परंपरा रुजवली, तिनेही आपल्या भागाला शिकलेली नर्स म्हणजे काय ते दाखवलं. पांढऱ्या गणवेशाला लोक मान द्यायला लागले, त्यामागे शिस्त होती.

दुसरी गोष्ट म्हसवडची, अलीकडची. चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका होत्या. त्या रडत बसल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग लावले, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात बसणाऱ्या बाईला बँकेत यायला वेळ नाही, म्हणून बँकेची माणसं तिच्याकडे जाऊ लागली. दिवसाची कमाई कुणा बाईच्या हाती देण्याइतका भरवसा कशातून आला? ठरलेल्या वेळी येण्यातून आणि लगेच होणाऱ्या नोंदीतून.

आता घरपोच शुश्रूषेच्या व्यवसायाकडे याच नजरेने बघू या. ज्यांना बाई हवी आहे त्यांनी काय मागावं आणि ज्या मैत्रिणी असा व्यवसाय काढायचा विचार करताहेत त्यांनी काय द्यावं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

सुरुवात होते बाई पाठवण्याआधी. चांगली संस्था फोनवर दर सांगून लगेच बाई पाठवत नाही. आधी तिचं जाणतं माणूस घरी येऊन जातं. पेशंटचं वजन किती, उठून बसता येतं का, आंघोळ पलंगावर की बाथरूममध्ये, संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, जिने किती, पथ्य काय, औषधं किती वेळा, डॉक्टर कोण, हे सगळं लिहून घेतं. साठ किलोची बाई नव्वद किलोच्या आबांना एकटीने उचलू शकणार नाही, हे तेव्हाच कळतं. आणि मुख्य म्हणजे ज्याची सेवा करायची त्यालाही विचारलं जातं. आजींना कुणाच्या हातून आंघोळ नको वाटते, आबांना पुरुष माणूस हवा असतो. मुलगा पुण्याहून फोनवर सगळं ठरवतो आणि ज्याच्या अंगाला हात लागणार त्याला कुणी विचारतच नाही, असं बऱ्याच घरांत होतं.

मग येते ओळख. आधार कार्डाची प्रत आणि फोटो तर हवाच, पण तेवढ्यावर थांबू नये. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, तो संस्थेने काढलेला असावा. आधीच्या दोन घरांशी बोलून घ्यावं. आणि कोण काय आहे हे साफ सांगावं. मावशी ही मावशी, एएनएम किंवा जीएनएम झालेली सिस्टर ही सिस्टर. मावशी अंग पुसेल, डायपर बदलेल, भरवेल, चालवेल, डबीत काढून ठेवलेली गोळी वेळेवर देईल. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं ही शिकलेल्या नर्सची कामं. ‘आमच्या मावशीला सगळं येतं, इंजेक्शनसुद्धा देते’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर मैत्रिणींनो, तिथेच सावध व्हा. आणि स्वस्त पडतं म्हणून आपणही मावशीच्या हातात सुई देऊ नका. काही बरंवाईट झालं तर पेशंट जाईल आणि ती बिचारी पोलीस ठाण्यात बसेल.

पुढची पायरी म्हणजे एक पानाचा करार, साध्या मराठीत. कामाचे तास किती, कामं कोणती, कोणती नाहीत, आठवड्याची सुट्टी कुठली, जेवण कुणाचं, पगार किती, त्यातले बाईच्या हातात किती आणि संस्थेकडे किती, अनामत असेल तर ती कधी परत, काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं. भांडणं होतात ती बहुतेक वेळा न बोललेल्या गोष्टींवरून. आजींसाठी आलेल्या मावशीला आपण हळूच पाहुण्यांच्या चहाची भांडी घासायला लावतो, मग पोळ्या, मग मुलांचे गणवेश. महिन्याने ती गेली की म्हणतो, ‘यांना कामच नको असतं!’ करारात कामं लिहिलेली असली तर तिलाही बोलता येतं, आपल्यालाही.

आणि मग ती वही. मला विचाराल तर या सगळ्या व्यवहाराचा जीव त्या साध्या दोनशेपानी वहीत आहे. ती पेशंटच्या उशाशी असावी. किती वाजता काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, गोळी दिली त्याची वेळ, लघवी-संडास, रक्तदाब किंवा साखर तपासली असेल तर आकडा, कूस कधी बदलली, काही वेगळं वाटलं का. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी असं सांगतात, कारण एकाच जागी दाब राहिला की कातडी लाल होते, पुढे जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात. वहीत ‘दुपारी २ डावी कूस, ४ उजवी कूस’ असं लिहिलेलं असलं की संध्याकाळी आलेल्या सुनेला प्रश्न विचारायला लागत नाही. सकाळी आठला रात्रपाळीची मावशी जाते आणि दिवसाची येते, तेव्हा दोघींनी वही समोर ठेवून पाच मिनिटं बोलायचं. आठवड्याने डॉक्टर आले की वही त्यांच्यासमोर ठेवायची. पुण्यातल्या लेकाला रोज रात्री त्या पानाचा फोटो गेला, तर त्याचे ‘आई कशी आहे, खरं सांग’ असे काळजीचे फोन कमी होतात. जर्मनीत १९९५ पासून दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी विम्याची व्यवस्था आहे. तिथेही घरी येणारी नर्स केलेल्या कामाची नोंद करते आणि ती फाइल पेशंटच्या घरी ठेवतात. एवढ्या श्रीमंत देशालाही तोंडी भरवसा पुरला नाही, याचा आपण विचार करावा.

लिहिता न येणाऱ्या मावशींचं काय, असं कुणी म्हणेल. तर चित्रांचा तक्ता करावा : ताटाचं चित्र, गोळीचं चित्र, पाण्याचा ग्लास, पलंग. तिने फक्त खूण करायची. म्हसवडच्या बायका बँक काढू शकल्या, तर आपल्या मावशीला खूण नक्की करता येईल.

संस्थेची खरी परीक्षा होते बाई येत नाही त्या दिवशी. तिच्याही घरात आजारपण आहे, लग्नकार्य आहे, सुगी आहे. ‘आज ती येणार नाही, आठ वाजता दुसरी येतेय, आबांची माहिती तिला दिलेली आहे’ असा फोन जी संस्था करते, तीच टिकते. आणि आपल्याकडे तर नदीचंही भान ठेवावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी पन्नास फुटांच्या वर गेली. पलीकडची बाई अलीकडे येऊ शकत नव्हती. पुराच्या पट्ट्यातल्या पेशंटला पाणी चढण्याआधी कुठे हलवायचं, ऑक्सिजन लागतो कुणाला, नदीच्या अलीकडे राहणारी बदली मावशी कोण, हे पावसाळ्याच्या आधी कागदावर हवं. सातारच्या डोंगरी भागात दरड पडून रस्ता बंद होतो, तिथेही हेच.

देखरेखीचं बोलायचं तर, संस्थेच्या जबाबदार माणसाने महिन्यातून दोनदा तरी न सांगता घरी यावं. पेशंटची पाठ बघावी, नखं बघावीत, वही बघावी. आणि पाच मिनिटं आजींशी एकट्याने बोलावं, मावशी बाहेर, सूनही बाहेर. कारण कधी मावशीची तक्रार असते, तर कधी घरच्यांचीच! मावशीशीही तसंच एकटीने बोलावं.

आता थोडं अवघड बोलते. छोट्या गावात आपण म्हणतो, ‘इथं कशाला हवेत करार-बिरार? सगळी ओळखीचीच तर आहेत.’ ओळख ही मोठी शिदोरी आहे, मी नाकारत नाही. शहरात न मिळणारी माहिती आपल्याला चार घरांत विचारून मिळते. पण ओळखीबरोबर भीडही येते. शेजारणीच्या जावेने पाठवलेली बाई आजींवर खेकसते, तरी आपण बोलत नाही, कारण जावेला वाईट वाटेल. बाईला तीन महिने पगार उशिरा मिळतो, तरी ती बोलत नाही, कारण घर सरपंचांच्या पाहुण्यांचं. दोन्हीकडे गप्प बसून मनात साचत जातं आणि एके दिवशी फुटतं. कागदावर सगळं असलं की भीड मोडायला सोपं जातं. ‘मी काही म्हणत नाही हो, करारातच तसं आहे’ हे एक वाक्य किती नाती वाचवतं!

आणि चोरीचा आळ. घरात काही सापडेना की पहिली नजर मावशीकडे जाते. माझ्या पाहण्यातल्या एका घरात आजींच्या कानातली कुडी हरवली. घरच्यांनी मावशीची पिशवी अंगणात, शेजाऱ्यांदेखत झटकली. चौथ्या दिवशी कुडी उशीच्या अभ्य्रात सापडली. कुणी तिची माफी मागितली नाही. ती मात्र त्या आळीत पुन्हा कामाला गेली नाही, आणि ‘ती कुडीवाली’ हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. म्हणून पहिल्या दिवशीच पेशंटच्या अंगावरच्या दागिन्यांची यादी दोघींच्या सहीने करावी, बाकीचं कपाटात कुलपात ठेवावं, बाजारहाटाला दिलेल्या पैशाची चिठ्ठी घ्यावी, आणि उसनवारी दोन्हीकडून बंद. काही हरवलंच तर आधी संस्थेला कळवायचं, तिच्यासमोर शोधायचं, झडती घ्यायची नाही. गरज वाटली तर पोलिसांत रीतसर तक्रार द्यावी, पण अंगणात पंचायत भरवू नये. कॅमेरा लावायचा तर तिला सांगून लावा, आणि अंग पुसण्याच्या, कपडे बदलण्याच्या जागी तो नको, आजींच्याही लाजेचा प्रश्न आहे. तसंच मावशीनेही पेशंटचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवायचा नाही, घरातल्या गोष्टी दुसऱ्या घरी सांगायच्या नाहीत.

मुळात विश्वास हा एकतर्फी नसतोच. आपण घराची किल्ली तिच्याकडे देतो हे आपल्याला दिसतं. ती आपलं लेकरू शेजारी ठेवून परक्या घरात बारा तास येते, कधी रात्रपाळीला, कधी घरात फक्त पुरुष माणसं असताना, हे दिसत नाही. तिच्या घरच्यांनाही विश्वास हवा, की आमची बाई सुरक्षित जागी जाते आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणून राहतं घरही धरलेलं आहे, आणि घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. किती मावशींना हे माहीत आहे? किती ब्युरोवाल्यांना? महाराष्ट्राने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला, ई-श्रमची नोंदणी २०२१ मध्ये सुरू झाली. चांगली संस्था आपल्या बायकांच्या या नोंदण्या स्वतः करून घेते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट कशी असावी, हे तपासायला समिती नेमा असं केंद्र सरकारला सांगितलं. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी आणि माणुसकीचं ताट देणं तर आपल्याच हातात आहे ना? कप वेगळा, ताट वेगळं, आणि फोनवर पहिला प्रश्न ‘बाई कुठल्या जातीची?’ हे ज्या घरात चालतं, त्या घराने मावशीकडून मायेची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? संस्थेनेही अशा प्रश्नाला उत्तर देऊ नये. काम येतं का, एवढंच विचारा म्हणावं.

यावर काहीजणी म्हणतील, ‘वही, करार, दाखले, सगळं खरं, पण त्याने माया येते का?’ नाही येत. माया नोंदवहीत लिहून येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण सारखा संशय असला तर असलेली मायाही आटते. सुनेला ऑफिसात बसून काळजी नाही, मावशीला आळ येण्याची धास्ती नाही, मग दुपारच्या वेळी आजी आणि मावशी मिळून शेंगा सोलत गप्पा मारतात. मायेला ती जागा पद्धतीमुळे मिळते.

दुसरा प्रश्न पैशाचा. हे सगळं करायचं तर संस्थेला खर्च येतो. प्रशिक्षण, बदली बाई, देखरेख करणारीचा पगार आणि प्रवास. त्यामुळे पाटीवरच्या ब्युरोपेक्षा ती थोडी महाग पडणार, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. बऱ्याच घरांना बारा तासांची बाई झेपतच नाही. त्यांच्यासाठी सकाळचे दोन तास, म्हणजे आंघोळ, डायपर, नाश्ता, अशी सेवा देता येते. एकाच आळीतल्या तीन घरांना मिळून एक मावशी पुरते. छोट्या गावात घरं जवळ असतात, तो आपला फायदा. आणि ज्या घराला तेवढंही परवडत नाही, त्यांचा भार फक्त घरच्या बाईवर टाकून सरकारने आणि समाजाने हात झटकावेत, हे काही बरोबर नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी यात पडायला हवं.

म्हणूनच माझं बचत गटांना सांगणं आहे. पापड, लोणची, मसाले आपण खूप केले, बाजारात त्यांची गर्दी झाली आहे. शुश्रूषेचं काम मात्र मागणी असून नीट करणारं कुणी नाही, असं आहे. उद्यम नोंदणीला फी नाही, शॉप अ‍ॅक्टची नोंद करता येते. गावातल्या निवृत्त सिस्टर शिकवायला तयार असतात, मी विचारून पाहिलं आहे. सातारा, कऱ्हाड, मिरज, सांगली इथली मोठी रुग्णालयं आपल्यापासून फार लांब नाहीत. पेशंट तिथून घरी येतो तेव्हाच घरच्यांना खरी मदत लागते. सुरुवात चार मावशी आणि पाच घरांनी करावी. पहिल्या वर्षी घरं वाढवण्याची घाई नको, बदली बाई तयार नसताना सहावं घर घेऊ नये. एका घरी झालेली हेळसांड दहा घरं बंद करते, आणि एका घरी नीट झालेली सेवा सगळी आळी उघडते, छोट्या गावात जाहिरात अशीच होते.

आणि ज्यांच्या घरी आज मावशी येते आहे त्यांना एक विनंती. उद्या सकाळी बाजारातून एक वही आणा. तिच्या पहिल्या पानावर मावशीचं पूर्ण नाव, तिच्या घरचा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि औषधांच्या वेळा लिहा. दुसऱ्या पानावर दागिन्यांची यादी आणि दोघींच्या सह्या. तिसऱ्या पानापासून रोजची नोंद. आणि मावशीला सांगा, की ही वही तुझ्यावर पाळत ठेवायला आणलेली नाही, तुझं काम आम्हाला दिसावं आणि तुलाही ते दाखवता यावं म्हणून आणली आहे. महिन्याभराने पगार देताना ती वही दोघी मिळून एकदा चाळा.